मरणाचा निषेध

पत्रकाच्या मथळ्यात तीन उद्गारचिन्हं होती. "रडायला दहा मिनिटं द्या!!!" खाली मागण्या. वॉर्डात रुग्ण दगावला की त्याची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्याला दहा मिनिटांची मोकळीक, बसायला एक खोली, आणि महिन्यातून एकदा मन मोकळं करायला त्यातलं जाणणारं माणूस. अमरावतीच्या छापखान्यातून ओल्या शाईचा गठ्ठा उचलला, बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याच्या त्या दवाखान्यात जाऊन थडकले. ज्यांना औषधाचा आता फारसा उपयोग नाही, फक्त दुखणं कमी करायचं आहे, अशा माणसांचा तो वॉर्ड. तिथल्या इन्चार्ज सिस्टरने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या पत्रकांच्या वाट्याला असं भाग्य क्वचित येतं.

"दहा मिनिटात होते काय वो तुमचं रडून?" तिने विचारलं. "मले तर सुरू व्हालेच पंधरा लागतात."

तिथेच मला कळलं की या बाईशी माझं जमणार. तिला ते नंतर कळलं.

आमची संघटना म्हणजे अमरावतीतली एक खोली, एक घरघरणारा लाऊडस्पीकर आणि भांडायला कायम तयार अशी आम्ही पाच-सहा मंडळी. माझे वडील सरकारी नोकरीतले. ते माझ्या पत्रकातले ऱ्हस्व-दीर्घ तपासून देतात आणि मजकुराबद्दल काही बोलत नाहीत. दवाखान्यातल्या लोकांच्या पगाराबद्दल, ड्यूट्यांबद्दल आम्ही पुष्कळ लिहिलं होतं. पण पत्रक छापायच्या आधी, त्या वॉर्डात पहिल्यांदा गेले तेव्हा मी जे पाहिलं, त्याबद्दल कोणी काही लिहिलेलं नव्हतं. एक आजी गेल्या. पडदा ओढला गेला. सिस्टरने नळ्या काढल्या, आजीचं तोंड पुसलं, केस नीट केले, हात जोडले आणि नातेवाइकांना आत बोलावलं. मग गादी पुसली, नवीन चादर ओढली, आणि त्याच पलंगावर दुसरा माणूस येऊन निजला. तोवर तीच सिस्टर तिसऱ्या पलंगाची सलाईन बघत होती. कारखान्यात मशीन बंद पडलं तरी दोन माणसं त्याच्याभोवती घटकाभर उभी राहतात! मला त्याची चीड आली. अजून येते. त्या चिडीतूनच ती तीन उद्गारचिन्हं आली होती, आणि त्यातलं एकही मी मागे घेणार नाही.

मी दर आठवड्याला जाऊ लागले. त्या वॉर्डात सगळ्यात जास्त बोलणारी माणसं दोन. एक पातूरकडची तरुण सिस्टर, नोकरीला लागून फार दिवस न झालेली, आणि दुसरे खिडकीजवळच्या पलंगावरचे काका, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. काकांच्या अंगात आता गाडीच काय, उशीसुद्धा सरकवायची ताकद नव्हती, पण तोंड टॉप गिअरमध्ये.

"काय लीडर," ते मला म्हणायचे, "माही एक मागनी लिवून घे. चहा."

काकांना चहा बंद होता. पातळ काही दिलं की ठसका लागायचा, जीव घाबरा व्हायचा. पातूरची सिस्टर कापूस ओला करून त्यांचे ओठ भिजवायची.

"काका, चहा भेटनार नाही. उगा लीडरले मधात टाकू नका."

"मंग मी उपोषन करतो."

"करा. तसंही तुमी काई खाऊन नाही राहिले."

एरवी अशा वॉर्डात लोक कुजबुजत बोलतात. हे दोघं मात्र सकाळच्या ड्यूटीत भाजीबाजारासारखे चालायचे. आजूबाजूच्या पलंगांवरून हसण्याचे आवाज यायचे, मधूनच खोकल्याचे. काकांची बायको शेजारी स्टुलावर बसून असायची, पदर तोंडाला लावून, पण डोळे हसताना दिसायचे.

एकदा, माझ्यासमोर, सिस्टर त्यांना म्हणाली, "एक सांगून ठेवते काका. माह्या ड्यूटीत जायचं नाही. मले लय लिहा लागते मंग."

मी दचकले. काका नाही दचकले.

"मंग कोनाच्या ड्यूटीत जाऊ?"

"दुपारच्या. त्या ब्रदरचं अक्षर चांगलं हाये."

काका इतके हसले की ऑक्सिजनची नळी नीट करावी लागली. बाहेरच्या माणसाला हे क्रूर वाटेल. मलाही वाटलं. पण ज्याच्याशी सगळे फक्त हळू आवाजात आणि तोंड पाडून बोलतात, त्याच्याशी कोणी असं बोललं की त्याला काय वाटत असेल, ते मी काकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

काका गेले. दुपारच्या ड्यूटीत गेले. सकाळची ड्यूटी संपवून, हँडओव्हर देऊन पातूरची सिस्टर बसस्टँडकडे निघाली, त्यानंतर थोड्याच वेळात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तर खिडकीजवळच्या पलंगावर वेगळं माणूस. दुपारी हँडओव्हरला ब्रदरने सांगितलं, शांतपणे गेले, काकू तेव्हा खाली चहाला गेल्या होत्या बहुतेक.

हे सगळं मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही इन्चार्जकडून. कारण पातूरची सिस्टर बोलतच नव्हती. काम करत होती. सलाईन, इंजेक्शन, टेंपरेचर, सगळं बरोबर. पण तोंडातून "हात द्या", "वळा", "झालं", याच्यापलीकडे अक्षर नाही. वॉर्ड असा गप्प की पंख्याचा आवाज ऐकू यायचा. तिने डोळ्यांच्या ओपीडीत बदली मागितली होती.

"काहून म्हनून इचारलं मी," इन्चार्ज म्हणाली, "तर म्हनते, तिथं कोनी मरत नाही."

इन्चार्जचा जीव तुटत होता. अशी पोरगी पुन्हा मिळत नाही, हे तिला माहीत होतं. हात चांगला असलेल्या सिस्टरा पुष्कळ असतात. मरणाऱ्या माणसाला हसवणारी वर्षानुवर्षांत एखादी येते. ती डोळ्यात थेंब टाकायला जाऊन बसली तर या वॉर्डाचं काय?

"तुमची ती रडाची सभा घ्याच एकदा," ती मला म्हणाली. "बोलली पोट्टी तर बोलली."

मी सभा घेतली. आता खरं सांगायचं तर मला सभा एकाच प्रकारे घेता येते. सकाळ-दुपारच्या ड्यूट्या बदलतात त्या वेळी, व्हरांड्यात, अर्ध्या गोलात खुर्च्या मांडल्या. इन्चार्जला अध्यक्ष केलं. सूचना मी मांडली, ब्रदरने अनुमोदन दिलं. दोन मिनिटं मौन पाळायचं ठरवलं, पण अर्ध्या मिनिटातच आतून कोणी ओरडलं, "सिस्टर, सलाईन सरली वो!" आणि तिघीजणी पळाल्या. त्या परत आल्यावर मी ठराव वाचायला उभी राहिले. ठराव मी गाडीत लिहिला होता. हाताला जे वळण आहे त्या वळणाने लिहिला होता.

"ही सभा," मी खड्या आवाजात वाचलं, "वॉर्डात गेल्या महिन्यात झालेल्या सर्व मृत्यूंचा तीव्र निषेध करते, आणि याबाबत तातडीने निवेदन देण्याचे ठरवते."

"मंजूर!" सवयीने दोघं-तिघं ओरडले.

मग सगळे थांबले. मीही थांबले. 'दुःख व्यक्त करते' लिहायचं होतं. पण माझ्या पेनातून 'व्यक्त करते'च्या आधी 'दुःख' कधी उतरलंच नव्हतं.

इन्चार्जने चष्मा नाकावर आणला. "निवेदन कोनाले देनार वो? यमाले?"

"रेड्याच्या पाठीवर डकवू," ब्रदर म्हणाला.

"प्रत माहितीसाठी चित्रगुप्ताले," मागून कोणीतरी जोडलं.

मी लाल झाले. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून हसण्याचा आवाज आला. पातूरची सिस्टर. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत. इन्चार्जने माझ्याकडे पाहिलं, बघ, जमलं तुझं, अशा नजरेने. पण खांदे हलायचे थांबेनात, आणि थोड्या वेळाने आम्हाला कळलं की ते हसणं राहिलेलं नाही.

"मी हाकललं त्यायले," ती म्हणाली. "मी म्हनलं माह्या ड्यूटीत जाऊ नका. त्यायनं ऐकलं. मी जाईपर्यंत थांबले, आन् मंग एकटेच गेले. जवळ कोनी नाही. माह्यामुळं."

आता यावर कोणता ठराव मांडायचा? 'तुझा दोष नाही' असं म्हणायला सगळ्यांचीच तोंडं उघडली असतील, पण रोज मरण पाहणारी माणसं होती ती. असली वाक्यं ती रोज दुसऱ्यांना सांगतात, आणि त्यांना त्यांची किंमत माहीत असते. इन्चार्ज उठून तिच्याशेजारी बसली. आतून पुन्हा कोणी हाक मारली. सभा संपली.

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. मागून इन्चार्ज आली.

"तुमच्याकडे मयतीच्या घरी भाकरी येते नं?" तिने विचारलं.

येते. छप्पन्नच्या धम्मदीक्षेपासून आमच्या घरातलं पुष्कळ काही सुटलं, आणि सुटलं ते बरं झालं. पण मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, नको नको म्हणणाऱ्याच्या तोंडात पहिला घास बळंच घालतात, ते काही सुटलं नाही. कडू घास म्हणतात त्याला. तो खाल्ल्यावर माणूस पुन्हा जेवायला मोकळं होतं, कामालाही.

"इथं दर दोन-चार दिवसांनी मयत होते," इन्चार्ज म्हणाली. "आन् आमी? गादी पुसतो आन् आपापला डबा खातो. आमाले कोन आनून देते कडू घास?"

मी ताडकन उठले. "ही पहिली मागणी करू!"

"बस खाली. मागनी नाही. शेजारी पाह्यजे."

शेजारी होता. भिंतीला लागून बाळंतपणाचा वॉर्ड. तिथल्या सिस्टरा आणि आया दिवसभर पेढे खाऊन कंटाळलेल्या. इन्चार्जने त्यांच्या इन्चार्जला सांगितलं, आणि काहीही न छापता, न वाटता ठरलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्यांच्याकडून डबा येणार. डबा कोणाच्या तरी घरून, पिठलं-भाकरी, सोबत कडुनिंबाची दोन पानं. एका भिंतीपलीकडे बारसं आणि अलीकडे कडू घास, असा तो शेजार.

पण बसायचं कुठे? वॉर्डाशेजारी मोडक्या चाकाच्या खुर्च्या कोंबलेली एक बंद खोली होती. तिच्या किल्लीसाठी मात्र माझीच गरज पडली, हे मी इथे नोंदवून ठेवते. ऑफिसातले साहेब म्हणाले, वरून मंजुरी लागते. मी म्हटलं, मोडक्या खुर्च्यांना मंजुरी घेतली होती का? ते म्हणाले, प्रोसिजर असते. मग मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून पत्रक मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लाऊडस्पीकर लागत नाही मला.

"आवाज कमी करा ताई, पेशंट आहेत."

"पेशंट आहेत तसे कर्मचारीपण आहेत. मागणी क्रमांक दोन!"

दुसरी मागणी संपायच्या आत किल्ली टेबलावर होती. इन्चार्ज आता पुष्कळांना सांगते की खोली लीडरने मिळवली, घास आम्ही मिळवला. वाटणी मला मान्य आहे.

तर घास सुरू झाला. पहिल्याच वेळी ब्रदर तीन भाकरी खाऊन गेला आणि बाळंतपणाच्या वॉर्डाने 'तुमी शोक करता का लग्न जेवता' असा निरोप पाठवला. सगळे खायचे. पातूरची सिस्टर मात्र खोलीच्या दाराशी उभी राहायची. "मी काय त्यायची नातेवाईक हाव?" म्हणायची आणि जायची. बदलीचा हुकूम येतो येतो म्हणत होते. इन्चार्ज तिच्यापुढे घास धरायची आणि तसाच परत ठेवायची.

काकांची बायको आली ती अशाच एका दुपारी. काकांची तेरवी होऊन गेली होती. त्या दिवशी वॉर्डातल्या एक बाई गेल्या होत्या, आम्ही खोलीत बसलो होतो, मधे डबा उघडा. काकू दारात उभ्या राहिल्या. काखेत पिशवी.

"चादर आनली," त्या म्हणाल्या. "त्याच्या कपड्यायच्या गाठोड्यात गेली तुमची सरकारी चादर. धुऊन आनली. या मानसानं उभ्या नोकरीत डेपोतला पाना कधी घरी आनला नाही, आन् जाता जाता चादर चिकटली त्याले."

इन्चार्जने त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. काकूंची नजर मात्र दाराशी गेली.

"हे पोट्टी अशी काहून उभी? हे तर लय बोलत जाय."

मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं. आडवळणाने सांगायची कला मला येत नाही. की काकू, हिला वाटतं हिच्या बोलण्यामुळे काका एकटे गेले. हिने म्हटलं माझ्या ड्यूटीत जाऊ नका, आणि त्यांनी ऐकलं.

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"ऐकलं?" त्या म्हणाल्या. "त्यानं? अवो माय! मी उभा जल्म सांगून सांगून थकली, लवकर घरी येत जा, तमाकू सोड, पोराच्या सोयरिकीत मधात बोलू नको. एक नाही ऐकलं. माह्या सासूचं नाही ऐकलं, डेपो मॅनेजरचं नाही ऐकलं. आन् तुह्या एका शब्दावर तो मरून जाईन? तू कोन लागून गेली एवढी?"

पातूरची सिस्टर डोळे मोठे करून पाहत होती.

"पन एकटे..." ती म्हणाली. "तुमी खाली गेल्या होत्या. चहाले."

"गेली होती. कप घेऊन वर आली. त्यानं वास घेतला आन् डोये उघडले. म्हने, दे. मंग मी पडदा ओढला आन् दोघायनं घुटका घुटका घेतला. एक मी, एक तो. चांगला घेतला. ठसका नाही, काई नाही. मंग माह्या हातावर हात ठेवून निजला तो. तो गेला तोवर मी बसूनच होती. मंग कोनाले दिसू नये म्हनून कप खाली नेऊन द्याले गेली, तेवा त्या ब्रदरनं पडदा सारला असन."

"चहा देल्ला?"

हा आवाज आम्ही सगळ्यांनी ओळखला. सकाळच्या ड्यूटीतला, भाजीबाजारातला. सिस्टर दार सोडून दोन पावलं आत आली होती.

"काकू, त्यायले चहा द्यायचा नव्हता! कित्ती खेपा सांगलं मी तुमाले! ठसका लागला असता म्हंजे?"

"आता काय करतं? सस्पेंड करतं मले?"

"पडदा ओढून देल्ला वरून!"

"मंग तुह्यासमोर देऊ? तू असती तर भेटला असता काय त्याले? तुही ड्यूटी सरली म्हनून तर आनला." काकूंनी पदराने नाक पुसलं. "तू गेली ते बरंच झालं बाई त्या दिवशी. नाही तर बिगर चहाचा गेला असता."

सिस्टर तिथेच खाली बसली, मोडक्या चाकाच्या खुर्चीला टेकून. काही वेळ रडली. काकूही रडल्या. दहा मिनिटं झाली की पंधरा, कोणी मोजली नाहीत. मग काकूंनी डबा पुढे ओढला, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, त्यावर निंबाचं पान चुरगाळलं आणि तिच्या तोंडापुढे धरला.

"मी नातेवाईक नाही..." तिने सुरू केलं.

"तोंड उघड. रातभर मले तुह्याच गोष्टी सांगत जाय तो. नातेवाईक नाही म्हने!"

तिने घास घेतला. कडू होता. तोंड वाकडं केलं तशी काकू म्हणाल्या, "पिठल्यात मीठ कमी हाये. कोनी केलं?" आणि भिंतीपलीकडच्या वॉर्डाची अब्रू गेली ती आजतागायत.

बदलीचा हुकूम पुढे खरोखरच आला. इन्चार्जने तो टेबलावर ठेवून विचारलं, "जातं काय मंग डोयाच्या ओपीडीत?"

"तिथं बोलत नाही वो कोनी," सिस्टर म्हणाली. "साऱ्यायच्या डोयात औषध." आणि इन्चार्ज जी लगबगीने ऑफिसात गेली, ती हुकूम फिरवूनच आली. या वेळी माझ्या आवाजाची गरज पडली नाही. साहेबांना फक्त विचारलं म्हणे, लीडरला बोलवू का?

मी अजूनही जाते. जाणकार माणसाची तिसरी मागणी अजून पुरी झालेली नाही, त्यासाठी नवीन पत्रक छापलंय, वडिलांनी तपासून दिलंय. परवा ते वाटायला वॉर्डात गेले तेव्हा खिडकीजवळच्या त्या पलंगावर एक आजी होत्या. तेल्हाऱ्याकडच्या, सुरकुतलेल्या, डोळे मात्र लुकलुकणारे. पातूरची सिस्टर त्यांची उशी नीट करत होती.

"आजी, एक सांगून ठेवते," ती म्हणाली. मी दारातच थांबले. "जायचं असन तर माह्या ड्यूटीत जा. मी हाये. लिहाचं काय, लिहून टाकीन मी."

आजींनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जाईन," त्या म्हणाल्या. "आदी चहा आन."